बेताचा संसार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पगार वाढला तरी वीस तारखेनंतर ओढाताण ठरलेली. खर्चाची वही दोनदा सुरू केली, दोन्ही वेळा पंधरा दिवसांत सुटली. (कऱ्हाड)

वही सुटते, कारण कोथिंबिरीची जुडीसुद्धा तुम्ही लिहीत बसता. ती लिहू नका. बहुतेक घरांत महिना कोसळतो तो वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांनी. त्यांचीच यादी करा. समजा, जूनची शाळेची फी 24,000, विम्याचा हप्ता 18,000, गणपती-दिवाळी 20,000, गाडीचं काम 6,000 आणि घरपट्टी 4,000. एकूण झाले 72,000, म्हणजे महिन्याला 6,000. ही रक्कम पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आवर्ती ठेवीत वळती होऊ द्या. मेमध्ये पुरी होईल अशी, बारा महिन्यांची ठेव बँकेत काढा. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, ती या कामाला उपयोगाची नाही.

उरलेल्या पैशातून भाडं, हप्ते, किराणा आणि दूध बाजूला काढा. मग जे राहील त्याला चाराने भागा आणि दर सोमवारी तेवढीच नोट पाकिटात ठेवा. मोबाइलवरून पैसे देताना किती गेले ते जाणवत नाही, म्हणून भाजी, चहा, रिक्षा रोखीनेच. महिन्याला दोन-तीन दिवस जास्तीचे येतात, त्यांच्यासाठी थोडी रक्कम वेगळी ठेवा. आणि घरातल्या प्रत्येकाला हिशेब न विचारता खर्चायची छोटी रक्कम द्याच. ती कापली की काटकसर शिक्षा वाटू लागते आणि दोन महिन्यांत सगळं पुन्हा मूळ पदावर.

प्रश्न : वर्षाचं धान्य भरणं आता परवडतं का? गेल्या वर्षी गव्हाला सोंडे लागले, अर्धा टाकावा लागला. (गावभाग, सांगली)

परवडतं, पण टिकवता आलं तर. आधी माप काढा. मध्यम भाकरीला 80 ते 90 ग्रॅम पीठ लागतं. रोज आठ भाकऱ्या होत असतील तर महिन्याला साधारण 20 ते 22 किलो ज्वारी. गव्हाचंही असंच मोजा. शेजारच्यांनी तीन पोती घेतली म्हणून आपण घ्यायची नाहीत. पहिल्या वर्षी चारच महिन्यांचं भरा.

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मार्च-एप्रिलमध्ये नवा येतो. जत, आटपाडी किंवा माण-खटावकडचा ओळखीचा शेतकरी मिळाला तर उत्तम. दाणा दाताखाली कट्टदिशी फुटला पाहिजे. दबला तर ओल आहे, दर कितीही कमी असो, घेऊ नका.

सोंडकिडा अंडी घालतो दाण्याच्या आत. म्हणून चाळून, निवडून धान्य स्वच्छ दिसलं तरी कीड आत असू शकते. चाळून झालं की दोन-तीन कडक उन्हं द्या, थर बोटभर जाडीचा ठेवा आणि दिवसातून तीन-चारदा हलवा. इथे बहुतेकांची घाई नडते : संध्याकाळी गरम धान्यच कोठीत ओततात. रात्री पत्रा गार झाला की आत घाम धरतो आणि त्या ओलीवर बुरशी नि कीड दोन्ही वाढतात. धान्य रात्रभर घरात पसरून पूर्ण गार करा, मगच भरा.

कोठी काठोकाठ भरा, कडुलिंबाचा पाला सावलीत खडखडीत वाळलेला असेल तरच घाला. कोठी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. महिन्याचं धान्य एकदाच काढून लहान डब्यात ठेवा, पावसाळ्यात मोठं झाकण जितकं कमी उघडेल तितकं बरं. तूरडाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळलं की पुरतं. सेल्फॉसच्या, म्हणजे धान्यातली कीड मारायच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात कधीही नकोत. त्यांच्या वायूने माणसं दगावतात.

ज्वारीचं पीठ लवकर कडवट होतं, दळण आठ-दहा दिवसांचंच आणा. आणि तुम्ही गावभागातले, 2019 चा पूर पाहिलेले. कोठ्या वरच्या मजल्यावर ठेवा हे खरं तर सांगायलाच नको.

प्रश्न : आम्ही साधं राहतो, पण लग्नकार्यात नातेवाईक ‘हात आखडता’ म्हणून टोमणे मारतात. (वाई)

वर्षाची आहेराची रक्कम जानेवारीतच ठरवा. सख्ख्यांना किती, भावकीत किती, ओळखीत किती, हे घरातल्या सगळ्यांसमोर ठरलं की मांडवात नवरा-बायकोची कुजबुज होत नाही. टोमणे थांबणार नाहीत. पण आदल्या दिवशी जाऊन वाढपाला उभं राहिलेल्या माणसाचं पाकीट सहसा कोणी उघडून बघत नाही.

प्रश्न : विजेचं बिल कमी करायला आधी काय बदलावं? (सातारा)

सर्वांत जास्त तास फिरणारा पंखा. जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) सुमारे 28. रोज 15 तास धरले तर महिन्याला 21 युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटच्या पुढचे युनिट चढ्या दराने लागतात, त्यामुळे वाचलेले युनिट आधी त्या महाग टप्प्यातून कमी होतात. साताऱ्यात थंडीत पंखा बंदच असतो. तेव्हा पंख्याची किंमत किती दिवसांत वसूल होते हे काढताना वर्षाचे आठच महिने धरा. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलू नका. 2,000 वॅटचा गीझर अर्ध्या तासाला एक युनिट घेतो, सगळ्यांच्या अंघोळी लागोपाठ उरका.