वस्तीवरच्या वर्गाला निघण्यापूर्वी

प्रिय स्वयंसेवकास,

अनेक आशीर्वाद.

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलंस आणि वस्तीवरचा संध्याकाळचा वर्ग मागून घेतलास, याचा फार आनंद झाला. नियम तुला ठाऊक आहे: दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. झाडं लावणं, सफाई करणं ही कामं एकदम उरकून तास भरता येतात. मुलांचं काम तसं उरकत नाही. आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास धरलास तर १२० तासांना चाळीस आठवडे लागतात. परीक्षा, सण, पाऊस यांत दहा आठवडे जातीलच, म्हणून तीस आठवडे पक्के धर आणि ते मोडू नकोस; कमी पडलेले तास झाडं-सफाईच्या कामांत भरता येतील. रोज येईन म्हणून पंधरा दिवसांत दमण्यापेक्षा मंगळवार-शुक्रवार सहा वाजता म्हणजे सहा वाजता, हे मुलांच्या जास्त उपयोगाचं. त्यांच्या आयुष्यात ठरल्या वेळेला होणाऱ्या गोष्टी आधीच कमी असतात.

पहिल्या फेरीत वह्या-पुस्तकं नेऊ नकोस. आधी अंगणवाडी सेविकेला भेट. कुठल्या घरात कोण मूल आहे, कोणाची आई किती वाजता कामावरून येते, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. मग जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेट. तुझा वर्ग शाळेला पर्याय नाही, हे तूच आधी सांग; गुरुजींना आणि बाईंना ते ऐकायचं असतं. जागा बघताना उजेड, पिण्याचं पाणी, जवळचं स्वच्छतागृह आणि वाटेत ओलांडावा लागणारा रस्ता या चार गोष्टी बघ. समाजमंदिर किंवा देवळाचा सभामंडप बरा, कारण तो उघडा असतो, येणाऱ्याजाणाऱ्याला आत काय चाललंय ते दिसतं. एकट्याने वर्ग घ्यायचा नाही, नेहमी दोघं हवेत. कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही. एखाद्या मुलाने मारहाणीचं किंवा नको त्या स्पर्शाचं काही सांगितलं तर खोदून विचारू नकोस, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नकोस. शांतपणे ऐकून घे, त्याच दिवशी योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना सांग आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर कळव.

वेळ मुलांच्या सोयीने ठरव. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा भरवली. ‘मुलं येतच नाहीत’ असं म्हणायची वेळ आली की हे आठव. तुझ्या वस्तीत ऊसतोडीला जाणारी घरं असतील तर दिवाळीच्या सुमारास पट रिकामा होईल आणि उन्हाळ्यात भरेल. तो कंटाळा नसतो, पोटामागचं जाणं असतं.

आता शिकवण्याकडे वळू. तिसरीतल्या मुलाला तिसरीचं पुस्तक देऊ नकोस, आधी ते कुठे उभं आहे ते बघ. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने यासाठी सोपी पद्धत रूढ केली आहे. एकेका मुलाला बाजूला घे आणि चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद समोर ठेव. अडखळलं तर शब्द, तेही जमले नाहीत तर सुटी अक्षरं दे. परिच्छेद सहज वाचला तर आठ-दहा ओळींची गोष्ट दे. एका मुलाला चार-पाच मिनिटं लागतात. बाकीच्यांना दूर बसव, नाहीतर ऐकून परिच्छेद पाठ होतो. पाठांतर ही मोठी फसवणूक आहे: पहिला धडा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचार, मग कळतं. गट या पातळीवर कर, इयत्तेवर नको. एका ताई-दादाकडे सहा-सात मुलं पुरेत.

वाचनात चुका ठरावीक जागी होतात. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या गुंततात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि मागून उच्चारली जाते, म्हणून मूल अडतं. बाराखडी ओरडून घेण्यापेक्षा गुंतणारी दोन अक्षरं शेजारी ठेव आणि दोन्हींचे शब्द मुलांकडूनच मागव. घरी बंजाऱ्यांची गोरमाटी किंवा पारधी बोलणारं मूल असेल तर त्या वस्तूला त्यांच्यात काय म्हणतात ते विचार, आणि तो शब्दही फळ्यावर लिही. मुकं वाटणारं मूल त्या दिवशी बोलायला लागतं.

गणितात मराठीची एक खाच आहे, ती तुला माहीत असायलाच हवी. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतात, म्हणून मूल ७२ लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, म्हणून ३९ होतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन दिलं त्यावर केवढा गदारोळ झाला. पण ज्या अडचणीसाठी ते दिलं होतं ती खरीच आहे. तू दोन्ही म्हणवून घे: आधी ‘वीस आणि सात’, मग ‘सत्तावीस’. वजाबाकीत ४२ मधून १७ गेले की कित्येक मुलं ३५ लिहितात, कारण एकक-दशकाच्या प्रत्येक घरात लहान अंक मोठ्यातून काढतात. हातचा तोंडाने समजावू नकोस. खराट्याचे हीर तोडून दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांध. चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हातात दे आणि सतरा मागून घे. रबर सोडल्याशिवाय देता येत नाहीत, हे हातालाच कळतं.

नव्वद मिनिटांत दहा खेळाला किंवा गाण्याला, चाळीस वाचन-लेखनाच्या गटांना, वीस गणिताला दे आणि उरलेली वीस गोष्टीला राख. गोष्ट शेवटीच ठेव आणि लांब असेल तर अर्धी ठेव, मुलं शुक्रवारी परत येतात.

काही मुली कडेवर धाकटं भावंड घेऊन येतील. त्यांना परत पाठवलंस तर मोठीचं शिक्षणच थांबेल. कोपऱ्यात एक चटई, जुन्या पाट्या आणि खडू ठेव, धाकट्यांना तिथे बसव. मोजायला ठेवलेले चिंचोके मात्र त्यांच्या हाती देऊ नकोस, तोंडात घालतात.

गोळ्या-बिस्किटं वाटू नकोस. पहिल्या दिवशी गर्दी होते, संपली की ओसरते, आणि मुलं चेहऱ्याकडे न बघता पिशवीकडे बघू लागतात. फोटोचंही तसंच: अहवालाला लागले तर पालकांना विचारून, मुलं कामात असताना काढ. हात पसरलेल्या, ओशाळलेल्या मुलाचा फोटो कधीच नको. ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’ हे योजनेचं ब्रीद आहे. तुझ्या छायाचित्रात मधोमध कोण उभं आहे यावरून ते पाळलंस का हे दिसतं. सहलीला नेईन, सायकल मिळवून देईन असं काही बोलू नकोस. तू विसरशील, मुलं वर्षभर विचारत राहतील. शाळेचा गृहपाठही करून देऊ नकोस; पालक खूश होतात, मूल तिथेच राहतं.

पहिल्या दिवसापासून एक दोनशेपानी वही ठेव. प्रत्येक मुलाला दोन पानं: नाव, घरी कोणती भाषा बोलतात, पहिल्या दिवशीची पातळी, मग दर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलेली पातळी, कशावर अडतं, कशाने खुलतं. तुझी मुदत संपत आली की शेवटच्या परीक्षेच्या एक महिना आधी मुलांना सांग की ताई किंवा दादा बदलणार आहे. नव्या स्वयंसेवकाला शेवटचे चार वर्ग शेजारी बसव, त्यातला शेवटचा पूर्ण त्यालाच घेऊ दे. वही, काड्यांचे गठ्ठे आणि अर्ध्यावर राहिलेली गोष्ट त्याच्या हाती मुलांसमोरच दे.