ठोकळे कुणाचे, मुलांचे की आईबाबांचे?

मागच्या अंकात मुलांबरोबर लेगो, म्हणजे एकमेकांत अडकणारे प्लास्टिकचे ठोकळे, बांधण्याविषयी मी एक पान लिहिलं आणि संपादकांकडे पत्रं यायला लागली. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी: मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये प्लास्टिकच्या वस्तूंचे मोल्ड (साचे) डिझाइन करते. घरी अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा आहे. त्यामुळे माझी उत्तरं अर्धी घरातली, अर्धी कारखान्यातली असतात. मानसशास्त्र मला विचारू नका.

आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. नवीन सेट आणला की पुस्तिका उघडून दोन दिवसांत बांधतो, कपाटावर ठेवतो आणि मग कुणाला हात लावू देत नाही. ‘मोडून दुसरं काहीतरी कर’ म्हटलं की डोळ्यांत पाणी. एवढा पैसा घालून यात कल्पकता ती कुठे? – प्र. दे., डोंबिवली

आधी पुस्तिकेची बाजू घेते. त्या पुस्तिकेत एकही वाक्य नसतं. नुसती चित्रं बघून, तुकडा कुठल्या बाजूने बसतो ते ओळखून, मागच्या पायरीशी ताडून पुढे जायचं. आमच्याकडे नव्याने आलेल्या ट्रेनींना ड्रॉइंग वाचायला शिकवताना घाम फुटतो. तुमचा मुलगा तेच घरबसल्या करतोय. त्याला ‘नुसतं बघून बघून बांधलंस’ असं म्हणू नका.

आणि त्याचं बांधलेलं मोडायलाही लावू नका. त्याने मेहनत केली आहे, ती त्याला दिसायला हवी. तुम्ही मात्र वेगळा ढीग तयार करा. ओळखीत कुणाची मुलं मोठी झाली असतील तर त्यांच्याकडे ठोकळ्यांनी भरलेली पिशवी हमखास माळ्यावर पडून असते. सोसायटीच्या ग्रुपवर विचारा. पुस्तिका हरवलेल्या, अर्धे तुकडे गायब झालेल्या अशा सेटसारखं उत्तम काही नाही, कारण त्यातून ‘बरोबर’ असं काही करताच येत नाही. जुनं म्हणून बिचकू नका. 1958 साली बनलेली लेगोची वीट आज विकत घेतलेल्या विटेवर घट्ट बसते.

आता खरं काम तुमचं. एक जुनी चादर अंथरा, ढीग त्यावर ओता आणि मुलाला न बोलावता स्वतः बांधायला बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. काय बांधायचं? जे रोज दिसतं ते. मी एकदा आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी बांधायला घेतली होती, खालच्या चार खांबांसकट. धाकटा आपला पलीकडे गाडीला चाकं लावत होता. थोड्या वेळाने तिरकं बघून म्हणाला, ‘शिडी कुठाय? वॉचमनकाका चढणार कसे?’ मी म्हटलं, ‘मला शिडी जमत नाहीये.’ मग तो उठला, ढिगात हात घालून खसखस शोधायला लागला, जाळीचा एक तुकडा काढून आणला आणि टाकीला उलटा टेकवून बघितला. बसेना. बटणं (ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांना आमच्या घरी बटणंच म्हणतात) चुकीच्या दिशेला होती. तुकडा आडवा करायचा तर आधी टाकीत एक बाजूला बटण असलेली वीट घालावी लागणार होती, म्हणजे टाकी अर्धी उतरवायची. त्याने ती विचारून उतरवली. मोडायला कुणी सांगितलं नव्हतं, गरज पडली म्हणून मोडली.

माझं म्हणणं एवढंच आहे. आईबाप मुलाचं बांधकाम सुधारायला बसतात, स्वतःचं बांधायला बसत नाहीत. ‘असं नाही रे, असं लाव’ हे वाक्य दिवसातून एकदाही उच्चारू नका. त्याची भिंत पडत असेल तर पडू द्या. तुमच्या भिंतीत तुम्ही गवंड्यासारखा सांध्यावर सांधा येऊ दिला नाहीत, तर ते त्याला आपोआप दिसेल. मुलं आपलं ऐकत नसतील, पण आपले हात बारकाईने बघतात.

सुरुवात अवघड वाटली तर सहा विटांचा खेळ खेळा. घरातल्या प्रत्येकाला त्याच सहा विटा द्यायच्या आणि मिनिटभरात बदक बनवायला सांगायचं. आजीलाही बसवा. दोन बदकं सारखी निघणार नाहीत. आठ बटणांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा जोडण्याच्या 91 कोटी 51 लाख 3 हजार 765 तऱ्हा आहेत. हा आकडा डेन्मार्कमधल्या गणितज्ञांनी संगणकावर मोजून काढला आहे. मुलाला तो कागदावर लिहून दाखवा, नऊ वर्षांच्या मुलांना असले आकडे फार आवडतात.

लेगो एवढं महाग का? बाजारात तसेच दिसणारे ठोकळे तीनशे रुपयांत मिळतात. दुकानदार म्हणतो, ‘काही फरक नाही, ताई.’ खरं काय? – सौ. म. पा., इचलकरंजी

फरक आहे. आणि हा माझा प्रांत असल्याने जरा लांबण लावते.

1949 साली डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या या कंपनीने पहिल्यांदा प्लास्टिकच्या विटा काढल्या, तेव्हा त्या आतून पोकळ होत्या. एकमेकींवर बसायच्या, पण धरून ठेवायच्या नाहीत. 1958 मध्ये त्यांनी विटेच्या पोटात नळ्या घातल्या. खालच्या विटेची बटणं वरच्या विटेची भिंत आणि नळी यांच्यामध्ये चिमटीत सापडतात. सगळी करामत त्या चिमटीत आहे. बटण किंचित मोठं झालं तर सहा वर्षांच्या मुलाला वीट सुटणार नाही, किंचित लहान झालं तर इमारत उचलताच खाली येईल. ‘किंचित’ म्हणजे इथे मायक्रॉनच्या, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, हिशेबातली गोष्ट. असा मोल्ड करायला आणि लाखो नगांपर्यंत तो झिजू न देता चालवायला पैसा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे माल. लेगो 1963 पासून एबीएस नावाचं कडक प्लास्टिक वापरते. मोल्डमधून निघून थंड होताना एबीएस साधारण अर्धा टक्का आकसतं, म्हणून माप हातात राहतं. स्वस्त ठोकळे बरेचदा पीपीचे (पॉलिप्रॉपिलीन, दुसरं एक मऊसर प्लास्टिक) किंवा भंगार मिसळलेल्या प्लास्टिकच्या दाण्याचे असतात. पीपी त्याच्या तिप्पट-चौपट आकसतं, हाताला मेणचट लागतं आणि चिमटी पटकन सैल होते. मुलाची इमारत ढासळते आणि आपण म्हणतो, याच्यात चिकाटीच नाही. चिकाटी आहे हो, प्लास्टिकमध्ये नाही.

तिसरं कारण आपल्या सरकारचं. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70 टक्के. म्हणूनच परदेशातून येणाऱ्या भावाकडे लेगोची यादी जाते. त्याला एक निरोप द्या: खोका तिकडेच टाक, आतली पाकिटं आणि पुस्तिका फक्त आण. खोक्यात निम्मी हवा असते आणि बॅगेत जागा नसते. पुस्तिका राहिली तरी हरकत नाही, कंपनीच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवून घेता येते.

पण म्हणून दुसरं काही घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. पेटंटची मुदत कधीच संपली आहे, त्यामुळे तशीच वीट बनवणं गुन्हा नाही आणि काही कंपन्यांचा माल चांगला असतो. पाकिटावर आयएसआय चिन्ह आहे का ते आधी बघा; 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांना ते बंधनकारक आहे. मग दुकानातच नमुना उघडायला सांगा. एक वीट दुसरीवर फक्त एका बटणावर टेकवा आणि हलवा. गळून पडली तर नको. विटेच्या कडेवरून नख फिरवा. कड कुठे पापुद्र्यासारखी बोचली तर मोल्ड नीट मिटत नाही, बाकीचं मापही तसंच असणार. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.

घरात दोन मुलं, मोठी आठची, धाकटा अडीच वर्षांचा. मोठीचे बारके तुकडे धाकट्याच्या तोंडात जातील या भीतीने डबा माळ्यावर टाकलाय. ती रोज रडते. – एक आई, नांदेड

भीती योग्यच आहे. तीन वर्षांच्या आत बारके तुकडे अजिबात नकोत, त्यात तडजोड नाही. पण डबा खाली काढा. मोठीचे ठोकळे डायनिंग टेबलावर, जमिनीवर कधीच नाहीत, आणि उठताना झाकण लावून वर ठेवणं तिचं काम.

धाकट्यासाठी डुप्लो घ्या, म्हणजे लेगोचेच लहानग्यांसाठीचे मोठे ठोकळे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट, म्हणजे एका ठोकळ्यात आठ पट घनफळ, गिळायचा प्रश्नच नाही. गंमत म्हणजे लहान विटा डुप्लोवर बसतात. डुप्लोची बटणं पोकळ असतात, त्यांत लहान विटेच्या नळ्या बरोबर जातात. तो झोपला की त्याने रचलेल्या डोंगरावर मोठी आपलं घर बांधू शकते. त्याच्या उठण्याआधी उतरवायचं, इतकंच.

पातळ पट्ट्या एकमेकींवर बसल्या की निघत नाहीत. मुलगी दातांनी काढते. शिवाय सगळं धुळीने भरलंय. – अ. कु., सोलापूर

दात अगदी बंद करा, त्यात दाताचाही टवका उडतो आणि विटेचाही. सेटमध्ये बरेचदा नारिंगी रंगाची एक चपटी पकड येते, ती त्यासाठीच असते. नसेल तर अडकलेल्या जोडीच्या वर एक मोठी वीट बसवा, खालीही एक बसवा, आणि दोन्ही हातांनी उलट दिशेला तिरकं वाकवा. पकडायला जागा मिळाली की पट्टी सुटते.

धुण्यासाठी कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. चाळीस अंशांपेक्षा गरम पाणी नको, वॉशिंग मशीन तर नकोच. सावलीत वाळवा. सोलापूरच्या उन्हात पांढऱ्या विटा पिवळ्या पडतील.

जाता जाता एक: डब्यांत लावताना रंगाप्रमाणे लावू नका. लाल ढिगात बारका लाल तुकडा शोधताना डोळे फुटतात. आकाराप्रमाणे लावा, मग हवा तो रंग लगेच उठून दिसतो. श्रीखंडाचे रिकामे डबे याला बेस्ट.

वय 43. मुलीच्या नावाखाली सेट मी स्वतःसाठीच आणतो हे आता बायकोच्या लक्षात आलंय. काय करू? – नाव नको, नागपूर

कबूल करा आणि मोकळे व्हा. हल्ली कित्येक खोक्यांवर ‘18+’ लिहिलेलं असतं, ते तुमच्यासाठीच. कंपनीने 2008 मध्ये 5,922 तुकड्यांचा ताजमहाल काढला, तो काय सहावीतल्या पोरांसाठी? फक्त मुलीचं खातं आणि तुमचं खातं वेगळं ठेवा. तिच्या वाढदिवसाच्या पैशातून ताजमहाल नको.

आमच्या वाड्यात दरवर्षी दिवाळीला मातीचा किल्ला होतो. यंदा नातू म्हणतो, किल्ला ठोकळ्यांचा करू. मला ते पटत नाही, पण त्याचा हिरमोडही करायचा नाही. – वि. ग. जोशी, सातारा

काका, डोंगर मातीचाच राहू द्या. दगड, पोती, चिखल, वरून अळीव, यात काडीचाही बदल नको. प्लास्टिकने डोंगर होत नाही, पायऱ्या-पायऱ्यांचं काहीतरी होतं.

पण वरचं बांधकाम नातवाला द्या. तटबंदी त्याला छान जमेल, आणि त्याची एक युक्ती आहे. दोन बटणांच्या विटा घ्यायला सांगा. प्रत्येक थरात सांधे अर्धी वीट सरकवून, म्हणजे वरची वीट खालच्या दोन विटांवर एकेक बटण टेकेल अशी भिंत रचायची. मग ही लांब भिंत दोन्ही हातांनी अलगद वाकवायची. ती वळते! दोन बटणांमधलं अंतर 8 मिलिमीटर असतं, पण दोन बटणांच्या विटेची लांबी 16 नव्हे, 15.8 असते. प्रत्येक सांध्यात केसभर फट राहते आणि त्या सगळ्या फटी मिळून वळण देतात. वळण मंदच मिळतं, डोंगराच्या कडेने फिरणाऱ्या तटाला शोभणारं. बुरुजाच्या गोलाईला ते पुरायचं नाही. बुरूज तुम्ही मातीचे करा, म्हणजे दोघांनाही काम.

त्याला राजगडाची संजीवनी माची दाखवली आहेत का? तिथली दुहेरी तटबंदी ठोकळ्यांत सुंदर होते: दोन समांतर भिंती, मध्ये माणूस जाईल एवढी वाट. दरवाजा मात्र सरळ समोर ठेवू देऊ नका. दोन बुरुजांच्या आड वळून जाणारा गोमुखी दरवाजा कसा असतो ते तुम्ही सांगा आणि शत्रू कुठून येणार, त्याला कुठून दिसणार नाही, हे त्याचं त्याला शोधू द्या. हत्तीने धडक द्यायला मागे सरकावं तर जागा नाही, हे त्याच्या लक्षात आलं की बघा कसा उड्या मारतो.

दिवाळीनंतर किल्ला उतरवताना विटा लगेच बादलीत टाका. नळ्यांत चिखल वाळला की टूथब्रशलाही दाद देत नाही. आणि मावळे मातीचेच ठेवा, काका. लेगोची छोटी माणसं मोटारसायकलचं हेल्मेट घालून तटावर उभी राहिली तर शेजारचे वर्षभर बोलतील.