‘माझाही अर्ज लिहून देशील?’

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षांचा आहे. सहा वर्षांपूर्वी माडावरून पडला, मानेखाली काही हलत नाही. आई आणि मी त्याचं सगळं करतो. गेल्या रविवारी आम्ही ‘गुजारिश’ पाहिला, मानेखाली लुळा पडलेला जादूगार कोर्टाकडे अर्ज करून इच्छामरण मागतो तो सिनेमा. संपल्यावर तो म्हणाला, “माझाही असा अर्ज लिहून देशील?” मी त्याच्यावर ओरडले आणि उठून गेले. तेव्हापासून आमचं धड बोलणं नाही. सिनेमा दाखवून चूक केली का? कायद्यात असं खरंच आहे का?
– एक बहीण, अलिबाग

उत्तर : अगं, ओरडलीस त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. सहा वर्षं ज्याला घास भरवला त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण तू उठून गेलीस, आणि त्याला उठून तुझ्यामागे येता येत नाही. तेव्हा परत तुलाच जायचंय.

सिनेमा दाखवलास यात काही चुकलं नाही. हे त्याच्या मनात रविवारी आलेलं नाही. बोलायला रविवारी निमित्त मिळालं, एवढंच. गोव्यातल्या त्या जुन्या घरात त्या जादूगाराच्या, ईथनच्या कपाळावर रात्री गळक्या छताचं पाणी ठिपकत राहतं आणि त्याला हात उचलून ते पुसता येत नाही, तो प्रसंग आठव. मला तर कोर्टातल्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा तो थेंबच जास्त खरा वाटतो. तुझ्या भावाच्याही आयुष्यात असा एखादा थेंब असणार. रात्री नाकावर बसलेला डास, लघवीची पिशवी आईला बदलावी लागते याची लाज, किंवा तुझं लग्न आपल्यामुळे अडलंय ही बोच. कुठला, ते त्यालाच विचार. “असं बोलू नये” म्हणू नकोस. “कधीपासून वाटतंय?” असं विचार आणि मग गप्प राहा.

आता कायद्याचं. २०१० च्या त्या सिनेमात ईथनचा अर्ज फेटाळला जातो, आणि आजही तसंच होईल. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्याकडे गुन्हाच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर कित्येक वर्षं अचेत पडून होत्या; त्यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय इच्छामरणाची वाट मोकळी केली, म्हणजे बरं होण्याची आशाच नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवणं. खुद्द अरुणाताईंच्या बाबतीत मात्र याचिका फेटाळली, कारण केईएमच्या परिचारिकांना त्या हव्या होत्या. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर एक बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, नव्हता. तू भावाची कूस दर दोन तासांनी बदलतेस ना? मग त्यामागे किती जागरणं असतात ते तुला मी काय सांगू!

तुझा भाऊ शुद्धीवर आहे, यंत्रावर नाही, त्यामुळे ही तरतूद त्याला आज लागू होत नाही. पण २०१८ पासून कुठल्याही सज्ञान माणसाला वैद्यकीय इच्छापत्र करता येतं : पुढे कधी तशी वेळ आली तर व्हेंटिलेटर हवा की नको, आपल्या वतीने कोणी बोलायचं. २०२३ मध्ये ते सोपं झालं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. त्याला हे सांग. सहा वर्षांत त्याच्या अंगाबद्दलचा प्रत्येक निर्णय दुसऱ्यांनी घेतलाय. एक कागद तरी त्याच्या शब्दांत लिहिला जाऊ दे, अंगठा तू धरून लाव.

एक मात्र टाळू नकोस. तो जेवण नाकारत असेल, झोपत नसेल, हाच विषय पुन्हा पुन्हा काढत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखव. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो नंबर तुझ्यासाठी आणि आईसाठीही आहे. पत्रभर तू स्वतःबद्दल एक ओळ लिहिलेली नाहीस.

आज रात्री त्याची कूस बदलायला जाशील तेव्हा लगेच दिवा मालवू नकोस. बस तिथेच, त्याच्या उशाशी.