हवामान खात्याचे अंदाज कितपत खरे ठरतात? त्यावर विसंबून पेरणी करावी का?

एप्रिलमध्ये देशभराच्या पावसाळ्याचा जो अंदाज येतो, त्यावर पेरणी करू नये. तो अंदाज तुमच्या शेतासाठी नसतोच मुळी.

बीड जिल्ह्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. हा प्रश्न दर जूनमध्ये काउंटरवर ऐकतो, आणि २०१७ पासून जरा टोमण्यासकट. त्या वर्षी खात्यानं एप्रिलमध्ये सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला, जूनमध्ये आकडा ९८ वर नेला. आमच्याकडे मृगात दणकून पाऊस झाला. लगेच माझे साडू दुकानात हजर, सोयाबीनच्या पाच बॅगा द्या म्हणून. मी म्हटलं, "पाव्हणं, खुरप्यानं उकरून बघितलं का, ओल किती खाली गेलीय?" तर म्हणे, "पेपरात ९८ टक्के आलंय. आणि तुम्ही दुकानदार असून माल विकायला नको म्हणता?" चार गिऱ्हाइकांसमोर बोलले. दिल्या बॅगा, उधारीवर.

मग पावसानं दडी मारली. मी त्यांच्या रानात गेलो तर वर पापुद्रा धरलेला. तो फोडून दाणे काढले. काही फुगून तसेच वाळलेले, काहींचा कोंब मातीखालीच वळून करपलेला. दुबार पेरणी आली. जुलैत माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली, की बियाणं आणि औषध कंपन्यांशी संगनमत करून चुकीचे अंदाज दिले. साडूंना तर कोलीतच मिळालं. तेव्हापासून लग्न असो की बारसं, पंगतीत वाक्य ठरलेलं : "खातं आणि हे दुकानदार, सगळे मिळालेले."

आता गंमत बघा. हंगाम संपला तेव्हा देशात पाऊस झाला ९५ टक्के. जूनच्या अंदाजात चार टक्के मागेपुढे धरलेलेच असतात. म्हणजे कागदावर खातं पास! ९८ टक्के म्हणजे तेव्हाच्या ८९ सेंटीमीटर सरासरीचे ९८ टक्के, आणि त्यात चेरापुंजी ते जैसलमेर अख्खा देश, जून ते सप्टेंबर चारही महिने. त्यात आमच्या शिवारातला खंड कुठे दिसणार? आकडा खोटा नव्हता, आकड्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. हे मी साडूंना कितीदा सांगितलं असेल.

खातं साफ चुकलंय तेही सांगतो. २००२ ला १०१ टक्के सांगितले, झाला ८१; ते सोळा घटकांचं मॉडेल पुढच्याच वर्षी बदलावं लागलं. २००९ ला ९६ सांगून जूनमध्ये ९३ वर आले, झाला ७८. उलट २०१५ ला स्कायमेट ही खासगी हवामान कंपनी १०२ म्हणत होती, खातं आधी ९३ आणि मग ८८ म्हणालं, आणि झाला ८६. माझं मत विचाराल तर 'सरासरीइतका' म्हणणारा कुणीही बऱ्याच वर्षी बरोबर येईल. खरी परीक्षा दुष्काळाच्या वर्षी, आणि तिथे निकाल असा अर्धामुर्धा आहे. पण खात्याचा आकडा छापून येतो म्हणून निदान पकडता तरी येतो. भेंडवळच्या घटमांडणीवर (पाऊसपाण्याचं पारंपरिक भाकीत) किंवा व्हॉट्सॲपवरच्या अभ्यासकांवर कुणी तक्रार दिल्याचं मी तरी ऐकलं नाही.

पेरणीसाठी बघायचा तो जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ल्याबरोबर येतो, मेघदूत ॲपवरही मिळतो. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा (चिखल ओसरून पेरणीजोगी ओल) आल्याशिवाय सोयाबीनला हात लावू नका. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. सत्तरच्या खाली आली तर बॅग परत करा, माझ्या दुकानातली असली तरी.

हे सगळं कोरडवाहूचं झालं. विहिरीला पाणी असेल तर थोडी जोखीम घेता येते, आणि कोकणातल्या भाताचं गणित निराळं. जिल्ह्याचा अंदाजही हुकतो, ओढ्याच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे नाही. मी बियाणं विकणारा माणूस आहे, तेही ध्यानात ठेवूनच हे वाचा. पण खात्याच्या नावानं पंगतीत बोटं मोडणाऱ्यांनी आधी २०१७ च्या बॅगांची उधारी तरी चुकती करावी.