पडद्यावर १६५ मिनिटं कुठून आली?

प्रश्न: द्राक्षबागेच्या ठिबकसाठी मी आर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डवर टायमर बनवला आहे. वेळेसाठी डीएस ३२३१ चं घड्याळ मॉड्यूल वापरलंय आणि पंपाचा स्टार्टर रिलेवरून चालतो. रात्री एक-दोनदा पडद्यावर मिनिटं १६५ दिसतात आणि व्हॉल्व्ह भलत्याच वेळी उघडतो. तारांवरचे सिग्नल टिपणारा आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक अॅनालायझर आणला, ते लॅपटॉपवर दाखवणारं पल्सव्ह्यू टाकलं. मॉड्यूलची एससीएल (क्लॉकची तार) ‘हाय’ असताना एसडीए (डेटाची तार) खाली येईल तेव्हा ट्रिगर, म्हणजे तेव्हाच पकडायचं, असं लावलं. पण बटण दाबताक्षणी तो पकडतो आणि दरवेळी वाचन अगदी ठीकठाक निघतं. ट्रिगर चुकतोय का?
– एक वाचक, निफाड

उत्तर: ट्रिगर बरोबर लावला आहे. एससीएल वर असताना एसडीए खाली येणं म्हणजे आय-टू-सीची, या दोन तारांवरून बोलण्याच्या पद्धतीची, ‘स्टार्ट’ खूण, आणि तुमचा अॅनालायझर नेमकी तीच पकडतोय. पण तुम्ही घड्याळ दर सेकंदाला वाचत असाल, तर दिवसात ८६,४०० वाचनं होतात आणि त्यातली एक-दोन बिघडतात. जी खूण प्रत्येक वाचनात असते, तिच्यावर ट्रिगर लावून बिघडलेलं वाचन हाती लागणार नाही.

आधी त्या १६५ बद्दल, कारण सगळ्यात मोठा धागा त्यातच आहे. घड्याळाकडून बाइट आलाच नाही तर आर्डुइनोची आय-टू-सी हाताळणारी वायर लायब्ररी उणे एक देते. तो आकडा बाइटमध्ये साठवला की २५५ होतो, म्हणजे आठही बिट १. बीसीडीतून (चार-चार बिटांत एकेक अंक ठेवण्याच्या पद्धतीतून) दशमानात आणताना पंधरा दाहे दीडशे आणि वर पंधरा, झाले १६५. तेव्हा घड्याळ चुकीची वेळ सांगत नाहीये. त्या क्षणी ते उत्तरच देत नाहीये, आणि हे तुमच्या प्रोग्रॅमला कळू शकतं.

मग ट्रिगर प्रोग्रॅमलाच देऊ द्या. नॅनोची एक मोकळी पिन घ्या, समजा सात नंबरची. घड्याळाकडे सात बाइट मागितल्यावर कमी हाती आले, तर लगेच ती पिन वर करा आणि मिलिसेकंदाने पुन्हा खाली आणा. ही पिन अॅनालायझरच्या तिसऱ्या चॅनेलला जोडा आणि चढत्या कडेचा ट्रिगर फक्त तिथे लावा. पल्सव्ह्यूमध्ये चॅनेलच्या नावावर क्लिक केलं की ती खूण मिळते. एसडीए आणि एससीएलवरच्या जुन्या अटी आठवणीने काढा. त्या राहिल्या तर सगळ्या अटी एकाच सॅम्पलला, म्हणजे एकाच क्षणाच्या नोंदीला, जुळाव्या लागतात, आणि मग ट्रिगर कधी लागतच नाही. ही चूक मी शिकाऊ मुलांच्या हातून वारंवार होताना पाहिली आहे.

आता खरी गोम. पिन वर जाते तोवर बिघाड होऊन गेलेला असतो. म्हणून ट्रिगरआधीचा भाग राखून ठेवण्याचं प्रमाण, पल्सव्ह्यूत प्री-ट्रिगर म्हणतात ते, ९० टक्क्यांवर न्या. मी भोसरीत कंट्रोल कार्ड दुरुस्त करते. सुरुवातीच्या काळात एका भट्टीच्या कार्डामागे मी दोन रात्री जागले होते. ट्रिगर अचूक लागत होता, पण त्याच्या आधीचं मी काहीच साठवत नव्हते. तिसऱ्या रात्री ते प्रमाण वाढवलं आणि पहिल्याच पकडीत दोष समोर आला. तेव्हापासून नवीन कार्ड हातात आलं की मी आधी विचारते, मागचं किती दिसणार आहे?

सॅम्पल घेण्याचा वेग ४ मेगाहर्ट्झ ठेवा. १०० किलोहर्ट्झच्या बसवर, म्हणजे त्या दोन तारांवर, एका बिटला ४० सॅम्पल मिळतात, ते भरपूर आहेत. ८० लाख सॅम्पल घेतले तर दोन सेकंदांचं चित्र येतं, त्यातले १.८ सेकंद ट्रिगरच्या आधीचे. एक वाचन साधारण एका मिलिसेकंदात उरकतं, म्हणून ट्रिगरच्या रेषेच्या लगेच डावीकडे झूम करा. घड्याळाचा आय-टू-सी पत्ता हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) ६८ आहे, वाचनाच्या वेळी तारेवर तो डी१ असा दिसेल. त्या आठ बिटांनंतरच्या, म्हणजे नवव्या, क्लॉकला एसडीए वरच राहिली, तर घड्याळाने हाक ऐकली नाही. एससीएलवर एखादा जादा बारीक टोचा दिसला, तर बिटांची मोजणी तिथे सरकली.

चौथ्या चॅनेलला रिले चालवणारी पिन जोडा, हे तर कराच. रात्री थ्री फेज आली की तुमचा पंप सुरू होत असणार. रिलेनंतर काही मिलिसेकंदांनी वाचन बिघडताना दिसलं, तर माझा संशय काँटॅक्टरच्या (स्टार्टरमधल्या मोठ्या स्विचच्या) कॉइलवर आणि घड्याळापर्यंतच्या लांब तारेवर जाईल. मग तार वीतभर करा आणि काँटॅक्टरच्या एसी कॉइलवर आरसी स्नबर (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा. डायोड फक्त डीसी रिलेच्या कॉइलला चालतो.

प्रोग्रॅम मध्येच गोठत असेल तर पिन वर जाणारच नाही. त्यासाठी वायर लायब्ररीतला टाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळेनंतर वाट पाहणं सोडण्याची सोय, आधी चालू करून घ्या.

रात्रभर थांबू नका. दिवसा वायरमनकडून मोटरच्या तारा सोडवून घ्या आणि नुसता काँटॅक्टर टायमरवरून पन्नासेक वेळा चालू-बंद करा. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, चार्जर लावू नका. अॅनालायझरची ग्राउंडची क्लिप नॅनोच्या ग्राउंडलाच लावा आणि त्याची एकही तार स्टार्टरच्या बाजूला जाऊ देऊ नका. यूएसबीतून ती थेट तुमच्या लॅपटॉपला आणि तुमच्या हाताला जोडलेली असते. असं करूनही बिघाड आला नाही, तर काँटॅक्टर सुटला आणि संशय मोटरच्या केबलवर आला. ती केबल घड्याळाच्या तारेशेजारून जाते का, ते पाहा आणि चित्रासह पुन्हा लिहा.