समुद्र कोमट, पूल गार: हिवाळ्यात बेटावर निघालेल्यांची प्रश्नोत्तरे

डिसेंबर-जानेवारीत बेटावर जायचं ठरवलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांनी समुद्र किती गार असेल हेच विचारलंय. माझ्या मते काळजी समुद्राची नाही, हॉटेलच्या पूलची करायला हवी. का, ते उत्तरांत येईलच.

गड्डा यात्रा झाली की जानेवारीच्या शेवटी आम्ही घरातले सगळे अंदमानला निघतोय. इथं सकाळी नळाखाली हात धरवत नाही, तिथला समुद्र किती गार असेल? सासूबाई बरोबर आहेत, वय ६८, गुडघे दुखतात.
– एक वाचक, जुळे सोलापूर

निर्धास्त जा. जानेवारीत अंदमानच्या समुद्राचं पाणी साधारण २७ ते २८ अंश सेल्सिअस असतं. मे महिन्यात ते ३०च्या आसपास जातं, म्हणजे वर्षभरात फरक पडतो तो दोन-तीन अंशांचा. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा १५ अंशांपर्यंत उतरतो आणि मेच्या दुपारी ४२-४३वर चढतो, त्यामुळे पाणीही तसंच वर-खाली होत असेल असं आपण धरून चालतो. उष्ण कटिबंधातला समुद्र हवेच्या मागं असा धावत नाही. दिवस आणि रात्र यांत त्याचं तापमान जेमतेम अर्धा-एक अंश हलतं.

गावाकडं थंडीत पहाटे विहिरीत उडी मारलेल्यांना हे सांगावं लागणार नाही. काठावर कपडे काढताना दात वाजतात, पाण्यावर वाफ तरंगत असते आणि आत गेलं की ऊब लागते. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान त्या भागातल्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं, आपल्या भागात ते २६-२७ अंश धरा. अंदमानचा समुद्र तेवढाच किंवा थोडा जास्तच उबदार आहे.

मात्र २८ अंशांची हवा आणि २८ अंशांचं पाणी यांत मोठा फरक आहे. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगानं ओढून घेतं. नुसतं डुंबत बसूनही थंडी वाजू नये, तर पाणी ३३ ते ३५ अंश लागतं. म्हणून २८ अंशांच्या समुद्रात पहिला अर्धा तास सुखाचा जातो आणि तासाभरानं अंगावर काटा येतो. सासूबाईंना एका वेळी वीसेक मिनिटं पुरे. बाहेर येऊन अंग कोरडं करायचं, उन्हात बसायचं, वाटलं तर पुन्हा उतरायचं. कमरेएवढ्या शांत पाण्यात चालल्यानं गुडघ्यांवरचा भार हलका होतो, त्यामुळे त्यांना ते आवडेलही. ओहोटीच्या वेळी मात्र उतरवू नका. शहीद द्वीपच्या भरतपूर किनाऱ्यासारख्या ठिकाणी पाणी मागं गेलं की खडक आणि प्रवाळ उघडे पडतात आणि तळवे कापतात. पायात रबरी तळाचे पाण्यातले बूट हवेत. मधुमेह असेल तर अनवाणी बिलकूल नको, कारण बधिर पायांना दुपारची तापलेली वाळू पोळलेली कळतच नाही.

गेल्या डिसेंबरात बेटावरच्या एका रिसॉर्टमध्ये राहिलो. जाहिरातीत 'टेंपरेचर कंट्रोल्ड पूल' असं होतं. प्रत्यक्षात पूलमध्ये पाय घातला की कळ यायची आणि समोरचा समुद्र कोमट! मुलं चार दिवस पूलकडे फिरकली नाहीत. असं कसं होतं? या वेळी पूल निवडताना काय बघू?
– एक वाचक, विजापूर रोड

असं नेहमी होतं, आणि जाहिरातीतला फोटो पाहून ते कधीच कळत नाही.

समुद्राला खोली आहे, पसारा आहे, एका रात्रीच्या गारव्यानं त्याचं काही बिघडत नाही. पूलमध्ये पाणी थोडं असतं. संध्याकाळी वारा सुटला की पाण्याची वाफ होऊ लागते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. पूल गार पडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच बाष्पीभवन आहे. रात्री हवा २२-२३ अंशांवर आली आणि वारा असला की न तापवलेला पूल समुद्रापेक्षा दोन-तीन अंशांनी सहज खाली जातो. दोन-तीन अंश ऐकायला कमी वाटतात. पाण्यात २८ आणि २५ यांतला फरक पोटापर्यंत उतरल्यावर लगेच कळतो.

त्यात ते फोटोत देखणे दिसणारे इन्फिनिटी पूल. त्यांच्या काठावरून पाणी अखंड पातळ थरानं खाली सांडतं आणि पंपानं परत वर येतं. सांडणारं पाणी वाऱ्याला जास्त लागतं, म्हणून ते आणखी लवकर निवतं. टेकडीवरच्या, समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या पूलला वाराही थेट लागतो. इमारतींच्या मधल्या चौकातला साधा चौकोनी पूल फोटोत मार खातो, पण त्याच्यावर दुपारचं ऊन पडत असेल तर पोहायला तोच बरा.

'टेंपरेचर कंट्रोल्ड' या शब्दांवर विसंबू नका. काही ठिकाणी ती सोय उन्हाळ्यात पाणी गार ठेवण्यासाठी असते, काही ठिकाणी यंत्र असतं पण वीजबिलापायी ते ठरावीक महिन्यांतच चालवतात. बुकिंगच्या आधी फोन करून थेट विचारा: पाणी तापवता का, या महिन्यात तापवता का, किती अंशांपर्यंत, आणि रात्री पूलवर आच्छादन घालता का. चौथा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आच्छादनानं बाष्पीभवन थांबतं, त्यामुळे जो रात्री पूल झाकतो त्याला पाण्याची खरी काळजी आहे असं मी समजतो. आकडा सांगितला तर असा जोखा: पोहण्याच्या स्पर्धांसाठी २५ ते २८ अंश पाणी ठेवतात, पण ते सतत हातपाय मारणाऱ्यांसाठी. सुट्टीत डुंबणाऱ्यांना २९-३० हवं.

आणखी एक मागणी करा. दुपारी चार वाजता काढलेला पूलचा फोटो त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर मागवा. जाहिरातीतले फोटो सकाळच्या स्वच्छ उन्हातले असतात. चारच्या फोटोत इमारतीची सावली कुठपर्यंत आली आहे, नारळाच्या झावळ्या पाण्यावर किती पसरल्या आहेत, ते दिसतं. अर्धा पूल सावलीत असेल तर समजून जा. अंदमानात हे जास्तच बघायला हवं. बेटं आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहेत आणि घड्याळ मात्र तेच. सोलापुरात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तिथं पाचलाच. फिरून आल्यावर संध्याकाळी पूलमध्ये उतरू म्हणणाऱ्यांना तिथं अंधारच मिळतो. पूलची वेळ अकरा ते तीन ठेवा.

तिथं पोचल्यावर पाणी पाहताना बोटं बुडवून ठरवू नका. वरचा थर उन्हानं तापलेला असतो. हात कोपरापर्यंत घाला, खरं पाणी तिथं आहे.

लग्नानंतर मालदीवला जायचं आहे. पाण्यावरच्या व्हिलात स्वतंत्र पूल घेतला तर भाडं बरंच वाढतं. घ्यावा का?
– एक वाचक, बार्शी

एकांत हवा असेल तर घ्या, पोहण्यासाठी घेऊ नका. हे पूल बहुतेक ठिकाणी छोटे असतात, दोन-चार हात मारले की भिंत येते. मालदीवमध्ये जानेवारीत समुद्र २८ अंशांच्या आसपास असतो, डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम, आणि व्हिलाच्या जिन्यावरून थेट त्यात उतरता येतं. रात्रीही हवा फारशी गार होत नाही, त्यामुळे तिथले पूल अंदमानइतके निवत नाहीत.

तेच पैसे बेट निवडण्यात घाला. काही बेटांभोवती उथळ, पांढऱ्या वाळूचं लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडचं शांत पाणी असतं, काहींना प्रवाळाची रांग किनाऱ्यापासून पोहत जाण्याइतकी जवळ असते. मासे पाहायचे तर दुसऱ्या प्रकारचं बेट घ्या, नुसतं डुंबायचं तर पहिलं. स्थानिक वस्तीच्या बेटावर स्वस्तात राहणार असाल तर पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा राखलेला असतो. इतरत्र अंगभर कपडे लागतात, हे आधी माहीत असू द्या.

मुलं तीन आणि सात वर्षांची. लहान मुलांच्या उथळ पूलमध्ये किती वेळ सोडावं?
– एक वाचक, मोहोळ

तीन वर्षांच्या मुलाच्या वजनाच्या मानानं त्वचेचा पसारा मोठा असतो, म्हणून त्याचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतं. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढा. ओठ निळसर दिसले किंवा मूल कुडकुडायला लागलं तर तेवढीही वाट पाहू नका, ते 'अजून पाच मिनिटं' म्हणणारच.

उथळ पूल लवकर तापतो तसा लवकर निवतोही. दुपारी दोनला तो सगळ्यात उबदार, सकाळी नाश्त्याआधी सगळ्यात गार. उतरवण्याआधी वास घ्या. क्लोरिनचा उग्र वास म्हणजे स्वच्छ पाणी, हा समज उलटा आहे. क्लोरिन घाम आणि लघवीशी मिसळून जी संयुगं होतात, त्यांचा तो वास. पाणी स्वच्छ असेल तर तळाची जाळी स्पष्ट दिसते आणि वास जेमतेम येतो. गरम पाण्याच्या जकुझीत लहान मुलांना घेऊन बसू नका. तिथं पाणी ४० अंशांपर्यंत असतं. गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार असलेल्यांनीही ती टाळावी.

मुलांसाठी खरं तर लक्षद्वीपचा विचार करा. प्रवाळाच्या कड्यानं लाटा बाहेरच अडतात आणि आत उथळ, शांत, दुपारी आणखी तापलेलं पाणी मिळतं. परवाना आधी काढावा लागतो आणि विमान कोचीहून अगत्तीला जातं, तेवढी तयारी ठेवा. उथळ असलं तरी तीन वर्षांच्या मुलापासून हातभर अंतरावरच राहायचं, पूलमध्येही आणि लगूनमध्येही.

मॉरिशस दिवाळीनंतर बरं की मे-जूनच्या सुट्टीत?
– एक वाचक, होटगी रोड

दिवाळीनंतर. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, तिथं जून ते सप्टेंबर थंडी. ऑगस्टमध्ये समुद्र २३ अंशांच्या आसपास उतरतो, डिसेंबर-जानेवारीत २७च्या घरात असतो. जानेवारी ते मार्च वादळांचे महिने, तेव्हा बुकिंग रद्द करता येईल असं घ्या. जूनमध्येच जायचं झालं तर वाऱ्याचा पूर्व किनारा सोडून पश्चिमेला राहा आणि तापवलेला पूल असल्याची खात्री करा.

मी लहानपणापासून विहिरीत पोहतो, वरून सूर मारतो. समुद्राचं वेगळं काय शिकायचं?
– एक वाचक, अक्कलकोट तालुका

पुष्कळ. विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं आणि दमलात तर पायरी चार हातांवर. समुद्रात पाणीच तुम्हाला घेऊन जातं. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी एखाद्या पट्ट्यातून जोरानं आत परत जातं. तिथं लाटा फुटताना दिसत नाहीत, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, भलभले पोहणारे त्यातच दमतात. खारं पाणी विहिरीपेक्षा चांगलं तरंगवतं. पाठीवर पडून श्वास लावा, हात वर करून मदत मागा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडून मग आत या.

सूर तर मारूच नका. तळ किती खोल आहे ते भरती-ओहोटीनं बदलतं. लाल झेंडा असेल तिथं उतरायचं नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. काही किनाऱ्यांवर जाळी लावून पोहण्याची जागा राखली आहे, तिथंच पोहा. खाडीच्या तोंडाशी आणि अंधार पडताना पाण्यात राहू नका.

'सॉल्ट वॉटर पूल' म्हणजे क्लोरिन नसलेला ना? मला त्वचेचा त्रास आहे.
– एक वाचक, पंढरपूर

नाही. त्यात मिठापासून यंत्रात क्लोरिनच तयार करतात. मीठ लिटरला तीन-चार ग्रॅम असतं, समुद्रात ३५च्या आसपास. त्वचेला तो पूल थोडा सौम्य वाटू शकतो, तरी बाहेर आल्यावर गोड्या पाण्यानं अंघोळ आणि लगेच खोबरेल किंवा मलम, हे चुकवू नका.

आमच्याकडे बायका पंजाबी ड्रेसवरच पाण्यात उतरतात. हॉटेलवाले अडवतील का?
– एक वाचक, साखर पेठ

पूलवर अडवतील. सुती कापडाचे धागे आणि रंग पाण्यात सुटतात आणि गाळणीत जाऊन बसतात. शिवाय ओलं सुती कापड जड होऊन हातपाय अडकवतं आणि बाहेर आल्यावर वाऱ्यात अंग गार करत राहतं. मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारा लायक्राचा पोहण्याचा पोशाख आता सहज मिळतो. तो पाण्यात हलका राहतो, लवकर वाळतो आणि बेटावरच्या कडक उन्हापासून पाठही वाचवतो. माप घेताना घालून हात पूर्ण वर करून पाहा, खांद्यात ताणला तर एक माप मोठा घ्या. टॉवेल मात्र घरूनच न्या. सोलापुरात राहून हॉटेलच्या टॉवेलची वाट कशाला पाहायची? एक पाण्यावरचा, एक कोरडा, असे माणशी दोन.