पीएचडी अर्धवट सोडू का?

नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्या बायका हा प्रश्न माझ्याकडे वारंवार घेऊन येतात. नागपूरच्या मानेवाड्याहून आलेली ही ताई ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. नोंदणी २०२३ची, कोर्सवर्क झालेलं, मधल्या काळात बाळ झालं. “मॅडम, तीन वर्षं होत आली, हाती काहीच नाही. रजिस्ट्रेशन रद्द व्हायच्या आधी मीच सोडते,” म्हणाली.

तीन वर्षं ही शेवटची तारीख आहे, असं तिला स्टाफरूममध्ये कुणीतरी सांगितलं होतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांत तीन वर्षं ही किमान मुदत आहे. कमाल मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळू शकते. तिनं ती मागितलीच नव्हती.

हे ऐकून तिला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं, पण तिचे डोळे भरून आले. गाईडना ती कितीतरी महिन्यांत भेटलीच नव्हती. विद्यापीठात गेली तरी त्यांच्या केबिनकडचा जिना टाळायची. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सहामाहीला प्रगती मांडावी लागते, तिथेही काहीतरी कारण सांगून ती गेली नव्हती. दाखवायला काही नाही म्हणून भेटायचं नाही, आणि भेट नाही म्हणून कामही पुढे सरकत नाही. पीएचडी सोडायला निघालेल्या बहुतेकांच्या मुळाशी मला ही लाजच दिसते. त्यांची बुद्धी कमी पडलेली नसते.

तिच्या फोनमध्ये गाईडसाठी लिहिलेला एक लांबलचक मेसेज होता. त्यात चारदा माफी, सासूबाईंचं आजारपण, बाळाची झोप, सगळं होतं. काम कुठे अडलंय तेवढंच नव्हतं. आम्ही दोघींनी बसून तो नव्यानं लिहिला: “सर, माहिती गोळा करण्याचं काम सुरू झालेलं नाही. विषय फार मोठा वाटतोय. दोन पानं जोडली आहेत. या आठवड्यात वीस मिनिटं मिळतील का?” ती दोन पानं तिनं घरी बसून लिहिली. मोडकीतोडकी का होईना, पण स्वतःची.

विषय खरंच मोठा होता: ‘विदर्भातील कापूस उत्पादकांच्या समस्या’. एवढ्या पसाऱ्यात कुणीही हरवेल. गाईड रागावले नाहीत, उलट त्यांनी विचारलं, “यातलं तुला नेमकं काय कळून घ्यायचंय?” बोलता बोलता हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांत, काम करणाऱ्या बायांवर गाडी आली. हंगाम संपल्यावर त्यांचं घर कशावर चालतं, हा प्रश्न तिला मनापासून सतावत होता. विषयातला बदल आता समितीपुढे ठेवलाय. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की दर शनिवारी ती हिंगणघाटला जाणार, आणि त्या दिवशी बाळ आजीकडे. हे घरात स्पष्ट बोलून ठरवायला मी मुद्दाम सांगितलं, कारण ‘जमेल तसं बघू’ म्हटलं की बाईचंच काम मागे पडतं.

प्रत्येकाला असे गाईड मिळत नाहीत. उत्तरच येत नसेल तर जे पाठवाल ते ईमेलनं पाठवा, तारखा जपून ठेवा आणि सल्लागार समितीपुढे अडचण लेखी मांडा. गाईड बदलण्याचाही अर्ज करता येतो. पण आधी दोन पानं लिहून एकदा समोर जाऊन बसा.